तो माझा कोण?

आयकर खात्याच्या लेखी माझं कुटुंब पाटोद्यात राहतं. आई, बाबा आणि धाकटा भाऊ. पुण्यात ज्याच्यासोबत मी पाच वर्षं राहतेय, तो त्यात बसत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याचा अपघात झाला. आता त्याच्याकडे 60 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे आणि नोकरी नाही. भाडं, औषधं, फिजिओथेरपी, सगळं माझ्या पगारातून. 'अवलंबित' या शब्दाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आयकर कायद्यात एक तरतूद आहे. जुनी करप्रणाली घेतली, तर दिव्यांग अवलंबिताच्या उपचारावर खर्च करणाऱ्याला 75,000 रुपयांची सरसकट वजावट मिळते. 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून 15,600 रुपये वाचतात. पण अवलंबित कोण, याची यादी ठरलेली आहे: पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण. संपली यादी.

पुढे आणखी गंमत आहे. वर्षभरात मी त्याला 50,000 पेक्षा जास्त पैसे भेट म्हणून दिले, तर आयकर कायद्यानुसार ती सगळी रक्कम त्याचं उत्पन्न धरली जाते, कारण मी त्याची 'नातेवाईक' नाही. लग्नातला आहेर मात्र करमुक्त! या नियमाला एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने त्यावर ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. त्यांना तर लग्नाची वाटच खुली नाही. आम्हाला आहे.

बरं, कायद्याला आमच्यासारखी नाती ठाऊक नाहीत असंही नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात 'विवाहाच्या स्वरूपाचं नातं' आहे. म्हणजे उद्या त्याने मला मारलं, तर मी त्याची कुणीतरी. मी त्याला सांभाळलं, तर कुणीच नाही.

आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मंग लगीन करून टाका की. एका कागदाचं तर काम."

आई-बाबांनी चौदा हंगाम ऊस तोडला. तिथला हिशेब कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल दोघांची मिळून, फेडायचीही दोघांनी. एकाला ताप आला तरी खाडा जोडीला. त्या हिशेबात माया नव्हती, पण दोन माणसं एकमेकांच्या जिवावर कशी उभी असतात, ते आईला त्यातून पक्कं कळलंय. म्हणूनच तो माझा कोण, हे तिने कधी विचारलं नाही.

लग्न घरच्यांमुळे अडलेलं नाही. अपघातानंतर तोच नको म्हणतो. "तू माझी नर्स होऊन बसशील." मी म्हणते, आत्ता कोण आहे मग? तो हसतो आणि विषय बदलतो. 15,600 रुपयांचा हिशेब मांडून त्याच्याकडून 'हो' वदवून घेणं मला जमणार नाही. ज्याला आधीच आपण ओझं आहोत असं वाटतं, त्याला त्याची किंमत कशाला सांगायची?

2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. माझा पगार त्यात बसतो. पैशाचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. पण ऑफिसच्या आरोग्य विम्याच्या अर्जात 'नातं' हा रकाना आहेच, आणि त्याच्या नावापुढे निवडायला एकही पर्याय नाही.