घुणाची अक्षरे

मुलांनो, तुम्ही कधी सावंतवाडीला गेला आहात का? नसाल, तर एकदा नक्की जा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं हे टुमदार गाव. मधोमध मोती तलाव, तलावाशेजारी चिऱ्याच्या दगडात बांधलेला राजवाडा. राजवाड्यात गोल गोल गंजिफा रंगवणारे कलाकार बसलेले दिसतात. गंजिफा म्हणजे जुने पत्ते. दशावतारी गंजिफांच्या एका संचात १२० पत्ते असतात बरं का!

पण बालगोपाळांची खरी चंगळ चितार आळीत. दोन्ही बाजूंना लाकडी खेळण्यांची दुकानं. भोवरे, बाहुल्या, भातुकली, आणि लाकडाची केळी, वांगी, मिरच्या, सीताफळं! केळं इतकं हुबेहूब की सोलायला हात पुढे व्हावा.

मी मात्र तिथे खेळणी घ्यायला गेलो नव्हतो. माझ्या खांद्यावर एक पोतं होतं आणि पोत्यात होत्या किडक्या लाकडाच्या बारा दांड्या. दुकानदार माझ्याकडे नवलाने बघत होते. लोक इथून लाकूड घेऊन जातात, हे गुरुजी घेऊन कुठे निघाले?

त्याचं असं झालं. आमच्या घरात फणसाच्या लाकडाचा एक पाळणा आहे. त्यात माझे बाबा झोपले, आत्या झोपली, मी आणि माझी बहीणही झोपलो. बहिणीला बाळ होणार होतं. तीन महिने अवकाश होता, तरी आईने हौसेने पाळणा माळ्यावरून खाली काढायला लावला. पाहतो तर काय, पाळण्याखाली पिठासारखी बारीक पूड पडलेली. बाजूच्या दांड्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं. एक दांडी मी हातात धरली, तर ती बिस्किटासारखी मोडली!

गावातल्या सुतारकाकांनी एकच वाक्य सांगितलं, "घुण लागलाय. सगळा जाळा, नाहीतर उद्या घराचे वासे खाईल."

आई काही बोलली नाही. नुसती पाळण्याच्या कडीवरून हात फिरवत राहिली. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी दांड्या सोडवल्या, पोत्यात भरल्या आणि सावंतवाडीची एस.टी. पकडली.

चितार आळीच्या आतल्या बाजूला एका कारागीरकाकांचा कारखाना होता. कारखाना कसला, एक पडवीच. एका कोपऱ्यात मोटारीवर फिरणारी लेथ, खाली भुश्याचा ढीग, भिंतीला पटाशा टांगलेल्या. मी पोतं उघडलं. काका हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. एक दांडी उचलून त्यांनी भोकांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, भोक दिसता म्हणजे किडो भायर गेलो. आत दुसरो आसा काय नाय, ता आदी बघूया."

म्हणजे काय, ते समजून घेऊ. हा घुण म्हणजे एक छोटा भुंगेरा. त्याची मादी लाकडाच्या बारीक छिद्रांत अंडी घालते. अंड्यातून अळी निघते. ती लाकडातलं पिष्ट खाते आणि आतल्या आत बोगदे खणत कित्येक महिने काढते. बाहेरून मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. अळीचा भुंगेरा झाला की तो भोक पाडून बाहेर पडतो. तेव्हा कुठे आपल्याला कळतं! म्हणजे भोक हे चोराचं आत शिरायचं दार नव्हे, पळून जायचं दार आहे.

काकांनी आणखी एक गंमत दाखवली. एक दांडी करवतीने आडवी कापली. कडेचा भाग पांढरट आणि भोकाभोकांचा, तर मधला भाग तपकिरी आणि अगदी घट्ट. झाडाच्या सालीलगतचं लाकूड कोवळं असतं. त्यात पिष्ट असतं, ते घुणाला आवडतं. मधला गाभा त्याला मानवत नाही. फणसाचा गाभा ताजा असताना पिवळाधमक असतो आणि वर्षं जातील तसा तपकिरी होतो. वीणा आणि मृदंगही फणसाच्या लाकडाचे करतात, ते उगीच नाही. पाळण्याची चौकट गाभ्याच्या लाकडाची होती, म्हणून ती वाचली. दांड्या करताना कडेचं लाकूड वापरलं गेलं होतं.

मग काकांनी काळा कागद अंथरला. एकेक दांडी त्यावर आपटली, दाबून पाहिली, नखाने टोकरली. बघता बघता तीन ढीग झाले. तीन दांड्या चांगल्या. चार अगदीच भुसभुशीत. आणि पाच दांड्या अधल्यामधल्या, एका बाजूला भोकं आणि दुसऱ्या बाजूला घट्ट गाभा.

"ह्यो चार जाळूक होयो," काका म्हणाले. माझा चेहरा उतरला असावा. ते समजुतीने म्हणाले की, सगळंच वाचवायला गेलं तर जे चांगलं आहे तेही जातं. त्या चार दांड्या मी परत घरी आणल्या. त्यांच्यावर आमच्या अंघोळीचं पाणी तापलं.

"आणि या पाच? या पुन्हा पाळण्याला बसतील?" मी विचारलं.

"नाय, नाय! दांडयेर बाळाचो भार येतलो," काकांनी मान हलवली. पोखरलेल्या लाकडावर भार टाकायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. पण ज्यावर भारच येत नाही, अशी वस्तू केली तर? काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "चिमण्यो करूया."

पाळण्यावर टांगतात ते चिमणाळं तुम्ही पाहिलंय ना? तेच! नऊ दांड्या नव्या घडवायच्या आणि जुन्या पाच दांड्यांतून चिमणाळं करायचं, असं ठरलं.

पुढच्या दोन महिन्यांत मी चार वेळा सावंतवाडीला गेलो. आधी काकांनी दांड्यांचे वीतभर तुकडे केले आणि मोठ्या पातेल्यात तासभर उकळले, म्हणजे आत अळी उरली असेल तर ती मरावी. ही युक्ती मोठमोठ्या कंपन्याही वापरतात. परदेशी जाणाऱ्या मालाची लाकडी खोकी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापवून ३० मिनिटं तशीच ठेवतात आणि मग त्यांच्यावर 'एचटी' असा शिक्का मारतात. कुठे खोकं दिसलं तर शिक्का शोधा बरं!

उकळलेले तुकडे सावलीत वाळवले. उन्हात वाळवले असते तर तडकले असते. नंतर काही दिवस ते काळ्या कागदावर ठेवून दिले. नवी पूड पडली नाही, तेव्हाच काकांनी लेथला हात लावला.

आता खरी कमाल ऐका. भोकं बुजवायला काकांनी काय घेतलं? लाख! ही लाख म्हणजे शंभर हजार नव्हे. महाभारतातलं लाक्षागृह आठवतंय ना, ती लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे चिमुकले किडे राहतात आणि आपल्या अंगाभोवती हे कवच तयार करतात. तेच खरवडून, शुद्ध करून लाख मिळते. तिच्यात रंग मिसळून कांड्या करतात. लाकूड लेथवर गरगर फिरत असताना कांडी नुसती टेकवायची. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडावर पसरते, भोकांत शिरून बसते. मग केवड्याच्या पानाने घासलं की आरशासारखी चकाकी येते.

म्हणजे पाहा, एका किड्याने केलेली भोकं दुसऱ्या किड्याच्या लाखेने भरली!

एक चिमणी लेथवर असतानाच दुभंगली. आतला बोगदा बाहेरून कळलाच नव्हता. काकांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरा तुकडा घेतला. शेवटी सात चिमण्या झाल्या. पोट पांढरट, पाठ तपकिरी, जशा खऱ्या चिमण्या. सगळी भोकं त्यांनी बुजवली नव्हती. जिथे बरोबर डोळा यायला हवा, तिथलं एकेक भोक राखून त्यात काळ्या लाखेचा थेंब भरला होता. काळाभोर, चमकदार डोळा!

तेव्हा मला 'घुणाक्षरन्याय' आठवला. घुण लाकूड खाताना वेड्यावाकड्या रेघा उमटतात. त्यात एखादं अक्षर निघालं, तर ती केवळ योगायोगाची गोष्ट. घुणाला काही लिहिता येत नसतं. हाच तो घुणाक्षरन्याय. पण ते अक्षर वाचायला कुणीतरी लागतंच ना? आम्हाला त्या भोकांत फक्त नुकसान दिसलं. काकांना चिमणीचे डोळे दिसले.

मुलांनो, तुम्हालाही घराजवळ पडलेली एखादी किडकी फांदी मिळेल. ती झटकन टाकू नका. आधी काळ्या कागदावर आपटून पाहा. उकळणं, कापणं ही कामं मोठ्यांकडून करून घ्या. पॉलिशपेपरने घासताना नाकाला रुमाल बांधा. भोकं, गाठी, काळ्या रेघा नीट बघा. गाठ म्हणजे जिथून फांदी फुटली होती ती जागा. त्यात मासा दडलाय की घुबड, ते तुम्हीच शोधा. मात्र रानातली वठलेली झाडं रानातच राहू द्या हं. सुतारपक्षी त्यांच्यातले किडे खातो, आणि धनेश झाडाच्या ढोलीत घरटं करतो.

बारशाच्या दिवशी आईने पाळण्यावर चिमणाळं टांगलं, बाळाचा हात पोचणार नाही इतक्या उंच. वाऱ्याने चिमण्या हलल्या. सुतारकाकाही जेवायला आले होते. त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे लाकूड कुठलं हो, गुरुजी?"

आई पटकन म्हणाली, "आमच्या पाळण्याचंच!"