3.1 टक्के

7 फेब्रुवारी 2025, शुक्रवार
'इंटरस्टेलर' पुन्हा लागला, तोही आयमॅक्सवर. दहा वर्षं जुना सिनेमा आणि एक खुर्ची रिकामी नाही. लाटांच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं! हे जमायला त्या ग्रहाशेजारचं कृष्णविवर किती भयानक वेगाने गरगरायला हवं, याचा हिशोब भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्नने मांडला. त्या हिशोबापायी शेवटचं ते पुस्तकांच्या कपाटामागचं प्रकरण मी सोडून देतो. मक्याच्या शेतावरचं ड्रोन भारतीय हवाई दलाचं निघालं तेव्हा मागून शिट्ट्या.

12 फेब्रुवारी
'2024 वायआर 4' नावाचा लघुग्रह 22 डिसेंबर 2032 रोजी आपटण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास. आपटलाच तर कुठे, त्या पट्ट्यात मुंबई आहे, कोलकाता आहे, ढाका आहे. ऑफिसच्या ग्रुपवर एकाचं म्हणणं, गृहकर्जाचे हप्ते 2034 पर्यंत आहेत, दोन वर्षं वाचली. आईचा प्रश्न एवढाच: "दिवसा की रात्री?"

19 फेब्रुवारी
शिवजयंतीची सुट्टी. पेपरात आकडा 3.1 टक्के. 2004 साली अपोफिस या लघुग्रहाचा 2.7 वर गेला होता, तो विक्रम मोडला. दुपारी 'आर्मागेडन' लावला. टेक्सासएवढा दगड, हाताशी अठरा दिवस आणि मदतीला तेलविहिरी खोदणारे! आपला दगड फार तर 90 मीटरचा, पण एक शहर उद्ध्वस्त करायला तेवढा पुरे.

आकडा चढला तो धोका वाढला म्हणून नव्हे. सुरुवातीला कक्षेचा अंदाज सैल असतो. त्या दिवशी दगड जिथे असू शकेल तो पट्टा लांबलचक आणि पृथ्वी त्यातला एक ठिपका. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखूड होतो, पृथ्वी मात्र तेवढीच राहते. मग पट्ट्यातला तिचा वाटा वाढतो, म्हणजेच टक्का वाढतो. पट्टा आणखी आक्रसून पृथ्वी बाहेर पडली की आकडा धाडकन खाली. इतकं नाट्य असून एकाही सिनेमावाल्याने ते घेतलेलं नाही. त्यांचा शास्त्रज्ञ फळ्यावर एकदाच गणित मांडतो आणि घाम पुसतो.

रात्री जयंत नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा काढली. कोलकात्यातल्या हौशी निरीक्षकाला धूमकेतू सापडतो, शास्त्रज्ञ स्फोटाने त्याची वाट बदलतात आणि घरात यज्ञ होतो. शास्त्रज्ञांची बाजू 2022 साली डार्ट यानाने खरी करून दाखवली: डिमॉर्फस या लघुग्रहाला धडक देऊन त्याची फेरी अर्ध्या तासाहून जास्त आखूड केली. यज्ञाची वर्गणी मागायला मात्र आमच्या सोसायटीत अजून कोणी आलेलं नाही.

25 फेब्रुवारी
0.004 टक्के. ग्रुपवर शुकशुकाट, सगळे 'छावा'ची तिकिटं शोधताहेत. हप्तेवाला तेवढा हिरमुसला.

28 फेब्रुवारी
विज्ञान दिन. पृथ्वी सुटली, पण चंद्रावर आपटण्याची शक्यता 1.7 टक्के उरली आहे. मला ही बातमी जास्त आवडली, छापली मात्र आतल्या पानावर. मार्चमध्ये जेम्स वेब दुर्बीण त्याच्याकडे वळणार; त्यानंतर थोड्याच दिवसांत तो इतका दूर जाईल की जमिनीवरच्या दुर्बिणींना 2028 पर्यंत दिसायचा नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, 13 एप्रिल 2029 ला, अपोफिस जमिनीपासून 32 हजार किलोमीटरवरून जाणार आहे. त्या दिवशी शुक्रवार आहे. रजा टाकावी लागेल.