प्लास्टिकचे माड

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला दोन माड लागतात. ते प्लास्टिकचे आहेत. रात्री त्यांच्या झावळ्यांतून हिरवे-निळे दिवे पाझरतात. ज्या जिल्ह्याचे उन्हाळे टँकरची वाट पाहण्यात सरतात, तेथील ही समुद्रकिनाऱ्याची हौस मला विनोदी वाटे. पाटीवर मात्र रुक्ष अक्षरे : ‘परमिट रूम’. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने दिलेला हा शब्द आपण इतका पचवला आहे की, त्यातील बंदी आता कोणालाच ऐकू येत नाही.

दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी मी प्रथमच आत गेलो. बालमित्र तेथे गातो, असे कानावर आले होते. भिंतींवर लाटा, पोपट, शहाळी रंगवलेली. आणि कोपऱ्यात, फुलाफुलांच्या शर्टात, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा माझा मित्र. समोर मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली माणसे बसली होती. त्यांच्या फर्माइशी तो हसतमुखाने पुरवीत होता. आवाज तोच होता, पहाटे भैरवी आळवणारा. मला पाहताच त्याचा सूर किंचित हलला. मी मान खाली घातली. ते मी करायला नको होते.

मध्यंतरात तो बाहेर आला.

“आईला सांगू नको बरं,” एवढेच म्हणाला. मग माडाखाली उभा राहून मंडळाच्या पेटीचा भाता फाटल्याविषयी बराच वेळ बोलत राहिला. महामार्गावरून ऊसतोड टोळ्यांचे ट्रक कारखान्यांकडे निघाले होते.