शेतात काही सापडत नाही तेव्हा

इंग्लंडच्या पूर्व भागातलं एक मोकळं शेत. दोन मध्यमवयीन माणसं मान खाली घालून चालली आहेत. कानांवर हेडफोन, हातात लांब दांड्याचं धातुशोधक यंत्र. यंत्र किंचाळतं. एक जण गुडघे टेकतो, माती उकरतो, आणि बोटांच्या चिमटीत वर काढतो ती शीतपेयाच्या डब्याची मळकी कडी. ती कोणत्या पेयाची, कोणत्या काळातली, यावर दोघं पुराणवस्तूच्या पंडितांइतकी गंभीर चर्चा करतात. आणि पुन्हा चालू लागतात.

एवढ्याशा ऐवजावर मॅकेन्झी क्रुक या नटाने ‘डिटेक्टरिस्ट्स’ नावाची मालिका लिहिली, स्वतःच दिग्दर्शित केली आणि तिच्यात कामही केलं. 2014 ते 2017 या काळात बीबीसी फोर या आडबाजूच्या वाहिनीवर तिची तीन पर्वं झाली. पुढे 2022मध्ये एक लांब भाग आला.

ब्रिटिश विनोदी मालिका म्हटलं की आपल्याला आठवतात त्या ठरलेल्या. ‘यस मिनिस्टर’, जिच्यावरून फारुख शेख यांना घेऊन ‘जी मंत्रीजी’ निघाली. ‘माइंड युअर लँग्वेज’, जिच्यावर बेतलेली ‘ज़बान संभालके’ हिंदीत पंकज कपूर यांनी गाजवली. शिवाय ‘फॉल्टी टॉवर्स’ आणि ‘मिस्टर बीन’. या सगळ्या मोठ्या आवाजाच्या मालिका. कुणी ओरडतं, कुणी धडपडतं, कुणी शब्दांची तलवारबाजी करतं. मला त्या आवडतातच. पण वय वाढलं तशी मला दुसऱ्याच एका घराण्याची गोडी लागली. त्यातली माणसं फारसं बोलत नाहीत, त्यांच्यामागे सहसा हशाची ध्वनिफीत नसते, आणि गोष्ट सांगायला गेलं तर दोन वाक्यांत संपते.

‘डिटेक्टरिस्ट्स’मधला लान्स गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो आणि सोडून गेलेल्या बायकोच्या हाकेला अजून धावून जातो. टोबी जोन्सने त्याला असं काही उभं केलं आहे की त्याच्या साध्या गप्प बसण्यातही आपल्याला एक अख्खी कहाणी ऐकू येते. त्याच्या सोबत्याला, अँडीला, पुरातत्त्वज्ञ व्हायचंय, तोवर तो मिळेल ते काम करतो. त्याची जोडीदार बेकी त्याची टर उडवते, पण पाठीशी उभी राहते. बेकीचं काम रेचल स्टर्लिंगचं, आणि तिच्या आईची भूमिका तिच्या खऱ्या आईने, डायना रिगने केली आहे. लान्स आणि अँडीच्या क्लबचा अध्यक्ष टेरी हा निवृत्त पोलीस. त्याची विद्वत्ता कशात, तर वायव्य एसेक्सच्या मातीत सापडणाऱ्या साध्या बटणांत; त्यावर त्याचं पुस्तकही आहे! असल्या छंदिष्टांची खिल्ली उडवणं किती सोपं होतं. क्रुक तो मोह टाळतो. तो त्यांच्यावर हसत नाही, त्यांच्या शेजारी बसून हसतो.

मालिका घडते एसेक्समधल्या डेनबरी या काल्पनिक गावात, पण चित्रण झालं शेजारच्या सफोक परगण्यात, फ्रॅमलिंगहॅमच्या आसपास. याच सफोकमध्ये सटन हू इथे 1939 साली एका सॅक्सन राजाची मानली जाणारी जहाजासकटची दफनभूमी उकरली गेली. तिथल्या मातीत सोनं असतं, ही कविकल्पना नव्हे. म्हणून त्यासाठी कायदाही आहे. 1996च्या या कायद्यानुसार असं गुप्तधन सापडल्यावर चौदा दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. ते संग्रहालयाने घेतलं तर मोबदला सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. लान्स आणि अँडीच्या पायाखाली असं काही असेलही. पण रोज संध्याकाळी खिशात असते ती कडी. कॅमेरा मात्र घाई करत नाही. तो गवतावरच्या किड्याकडे पाहतो, ओकच्या झाडाखाली डबा उघडून काल रात्रीच्या प्रश्नमंजुषेवर बोलणाऱ्या या दोघांकडे पाहतो. तिसऱ्या पर्वात अँडी मातीतून निघालेली एक जुनी शिट्टी वाजवतो आणि त्याच शेतात शतकांपूर्वी वावरलेली माणसं क्षणभर दिसतात. विनोदी मालिका पाहताना अंगावर काटा यावा, हे विरळच.

या घराण्यातली दुसरी मालिका ‘मम’. पहिला भाग सुरू होतो तो कॅथीच्या नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशी. घरात येणारं प्रत्येक माणूस काही ना काही भलतंच बोलतं, आणि कॅथी झालेली लेस्ली मॅनव्हिल फक्त ओठांच्या कोपऱ्याने उत्तर देते. नवऱ्याचा जुना मित्र मायकल तिच्यावर प्रेम करतो आणि ते सांगत नाही. 2016 ते 2019, एकूण अठरा भाग, आणि आपण त्या एका वाक्याची वाट पाहत राहतो. ‘अर्ली डोअर्स’ (2003–04) जवळजवळ पूर्णपणे स्टॉकपोर्टमधल्या ‘द ग्रेप्स’ या एका पबच्या आत घडते. मालक केन, गल्ल्यासमोरचे तेच ते गिऱ्हाईक, आणि मागच्या खोलीत फुकट पिणारे दोन पोलीस.

‘गेटिंग ऑन’ वृद्धांच्या वॉर्डात घडते. नर्सची भूमिका करणारी जो ब्रँड आधी खरोखरच मनोरुग्णालयात नर्स होती. एका खुर्चीवरची घाण कुणी, कोणता फॉर्म भरून पुसायची, हा पेच तिथे इतका ताणला जातो की हसता हसता सरकारी आरोग्यसेवेची सगळी हाडं दिसू लागतात. आणि जरा मागे जायचं तर 1984ची ‘एव्हर डिक्रीजिंग सर्कल्स’. वस्तीतल्या प्रत्येक समितीचा भार वाहणारा मार्टिन घरात शिरताच फोनचा रिसीव्हर उलटा करून नीट ठेवतो. रिचर्ड ब्रायर्सचा हा मार्टिन आपल्याकडच्या कोणत्याही हौसिंग सोसायटीत सचिव म्हणून बिनविरोध निवडून येईल. शेजारी राहायला आलेल्या देखण्या, सहज वावरणाऱ्या पॉलमुळे त्याची होणारी तगमग विनोदी आहे आणि तितकीच केविलवाणीही.

असं लिहिणं त्यांना जमतं त्यामागे एक व्यवहारही आहे. तिथे एका पर्वात बहुधा सहाच भाग असतात, आणि ते सहसा एक किंवा दोन लेखक मिळून लिहितात. अमेरिकी मालिकांसारखी लेखकांची फौज नसते, वर्षाला बावीस भागांचा रतीब नसतो. बीबीसीवर मध्येच जाहिराती येत नाहीत, त्यामुळे दर काही मिनिटांनी प्रेक्षकाला धरून ठेवणारा विनोद फेकण्याची सक्ती नसते. ‘फॉल्टी टॉवर्स’चेसुद्धा बाराच भाग झाले. सांगण्यासारखं संपलं की थांबायची मुभा लेखकाला मिळते, आणि अशी मुभा मिळालेलाच लेखक गप्प बसण्याला संवादाइतकी जागा देऊ शकतो.

या मालिका कमी माहीत असण्याचं कारणही बहुधा हेच. त्यांचा तीस सेकंदांचा तुकडा कापून मित्राला पाठवता येत नाही. तुकड्यात फक्त दोन माणसं झाडाखाली डबा खाताना दिसतील, आणि पाठवणाऱ्याच्या अकलेविषयी शंका घेतली जाईल.

तेव्हा सुरुवात ‘डिटेक्टरिस्ट्स’च्या पहिल्या भागापासून करा. सबटायटल्स लावा, कारण ही मंडळी पुटपुटतात. पहिल्या भागात फारसं हसू आलं नाही तरी दुसरा पाहा. तोवर लान्स आणि अँडी ओळखीचे झालेले असतात, आणि ओळखीच्या माणसांचंच आपल्याला खरं हसू येतं. फक्त एका बैठकीत सगळं पर्व संपवू नका. सहाच भाग आहेत, पुरवून पाहा.