अलाकाईच्या धुक्यातला चिमुकला

हवाई बेटे म्हटली की डोळ्यांसमोर येतो निळाशार समुद्र, नारळाची झाडे आणि पाहुण्यांच्या गळ्यात पडणाऱ्या फुलांच्या माळा. पण होनोलुलूहून अर्ध्या-पाऊण तासात काउआई बेटावर उतरलेला प्रवासी समुद्राकडे पाठ करून डोंगर चढू लागला, तर त्याला एक निराळेच हवाई भेटते.

वायमिया गावातून घाटाचा रस्ता सुरू होतो. उजव्या हाताला तांबड्या-तपकिरी कड्यांची प्रचंड दरी उलगडत जाते. साडेतीन हजार फुटांच्या उंचीवर कोकीचे राखीव उद्यान लागते. किनाऱ्यावर घामाने चिंब झालेला माणूस इथे स्वेटर शोधू लागतो. रस्ता संपला की पुढे अलाकाईचे पठार. शेजारच्या वाइआलेआले शिखरावर वर्षाला सरासरी ९,००० मि.मी.हून अधिक पाऊस कोसळतो, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट! पायाखाली दलदल असल्याने चालायला लाकडी फळ्यांची वाट केली आहे. दोन्ही बाजूंना शेवाळाने लपेटलेली ओहिआची झाडे. आपल्या जांभळाच्याच कुळातला हा वृक्ष, पण त्याला लाल गोंड्यांसारखी फुले येतात.

याच रानात अकिकिकी नावाचा पक्षी राहत आला. पाठ राखाडी, पोट पांढरे, शेपूट आखूड, चोच गुलाबी आणि वजन जेमतेम १५ ग्रॅम. फांद्यांवरून सरसर फिरत सालीखालचे, शेवाळातले किडे टिपणे हा त्याचा उद्योग. जगात काउआईखेरीज तो कुठेही नाही. त्याचे पूर्वज मात्र आशियातले. सुमारे ५० ते ७० लाख वर्षांपूर्वी गुलाबी चटकांच्या कुळातले काही पक्षी महासागर ओलांडून या बेटांवर पोहोचले आणि त्यांच्यापासून ५०हून अधिक जाती निर्माण झाल्या. आज त्यांतल्या वीससुद्धा उरलेल्या नाहीत.

या पक्ष्यांचा वैरी आहे डास. हवाईत पूर्वी डास नव्हतेच. १८२६च्या सुमारास माउई बेटावर आलेल्या एका जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून ते आले, असे मानतात. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरिया आला. इथल्या पक्ष्यांना त्याची सवय नव्हती. सखल भागातले पक्षी पटापट मेले. उंचावरचे तेवढे थंडीमुळे वाचले, कारण थंड हवेत रोगाचे जंतू डासाच्या अंगात वाढत नाहीत.

या रोगाचा भारताशी जवळचा संबंध आहे. मलेरिया डासांमुळे पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८मध्ये कलकत्त्यात सिद्ध केले, ते पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून. त्यांनी वापरलेला क्युलेक्स डासच आज अलाकाईत शिरला आहे. हवा तापू लागली, तसा तो डोंगर चढत गेला. अकिकिकीला मात्र आणखी वर जायला डोंगरच उरला नाही. २०१८मध्ये रानात सुमारे ४५० अकिकिकी होते. २०२३मध्ये अंदाजे पाचच उरले.

हे दिवस येणार, हे ओळखून शास्त्रज्ञांनी २०१५पासूनच उंच शिड्या लावून घरट्यांतली अंडी आणायला सुरुवात केली. ती यंत्रात उबवून वाढवलेली पाखरे आज संरक्षित पिंजऱ्यांत आहेत. डासांवरही एक नामी उपाय निघाला आहे. प्रयोगशाळेत वाढवलेले, एका विशिष्ट जिवाणूचे नर डास जंगलात सोडायचे. नर चावत नाहीत आणि त्यांच्याशी संग झालेल्या माद्यांची अंडी फुटत नाहीत. २०२३च्या नोव्हेंबरपासून माउईच्या डोंगरांत हेलिकॉप्टरमधून असे डास सोडू लागले.

घाई का करायची, याचे उत्तर अलाकाईनेच दिले आहे. याच पठारावर १९८७मध्ये काउआई ओओ या पक्ष्याची हाक अखेरची ऐकू आली. तो जोडीदारासाठी साद घालत राहिला, पण उत्तर द्यायला कुणी उरले नव्हते. २०२३मध्ये तो अधिकृतपणे नामशेष ठरला.

इथे येणाऱ्याने रेनकोट जरूर आणावा आणि वाटेच्या तोंडाशी ठेवलेल्या ब्रशने बूट घासूनच पुढे जावे, कारण ओहिआला मारणारी बुरशी चिखलातून पसरते. फुलांवर लाल अपापाने अजून गाताना दिसतो. अकिकिकीसाठी मात्र हे रान डासमुक्त होण्याची वाट पाहते आहे.