वडनेरची घड्याळं, देशभरचं गिऱ्हाईक

आमच्या भागात एके काळी लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि हातघड्याळ द्यायची रीत होती. घड्याळ म्हणजे एचएमटी, दुसरं कोणतं कोणी विचारातच घेत नसे. या सरकारी कंपनीनं 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली. 1987 मध्ये टायटनची घड्याळं दुकानात येईपर्यंत नोकरदार असो की शेतकरी, मनगटावर एचएमटीच असायचं. 'कांचन' नावाच्या सोनेरी घड्याळासाठी तर वरपक्ष अडून बसल्याच्या गोष्टी म्हातारी माणसं अजून सांगतात. या नावाचा दबदबा एवढा होता, की चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून तयार केलेल्या बारीक धानालाही व्यापाऱ्यानं एचएमटी हेच नाव दिलं. तांदूळ घरोघरी शिजतो, पण ते नाव घड्याळावरून आलं हे आता फार जणांना माहीत नसतं.

ती घड्याळं गेली कुठं? ती घरातच आहेत. कपाटातल्या डब्यात, शिवणयंत्राच्या खणात, देवघराच्या फळीवर. मी ती विकत घेतो, साफ करून घेतो आणि इंटरनेटवर बोली लावून विकतो. वडनेरसारख्या गावात बसून हे जमतं, असं सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही.

वडनेर हिंगणघाट तालुक्यात, नागपूर–हैदराबाद महामार्गावर आहे. पूर्वी हा सात नंबरचा महामार्ग होता, आता चव्वेचाळीस. कापूस, सोयाबीन, तूर आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक, एवढंच बाहेरच्या माणसाला दिसतं. माझं झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचं छोटं दुकान होतं, घरची कोरडवाहू शेती होती. दुकानात कॉम्प्युटर आणि इंटरनेट आलं तेव्हा मी रिकाम्या वेळात इबेवर लोक काय विकतात ते पाहत बसायचो. इबेची ही भारतातली साइट मूळची बाझी डॉट कॉम. 2000 साली मुंबईत सुरू झाली आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या इबेनं ती विकत घेतली. तिथं जुन्या एचएमटीला बोली लागते हे पाहिलं आणि घरातलं वडिलांचं मोडकं 'जनता' घड्याळ आठवलं. ते मात्र मी विकलं नाही. तसंच दुसरं शोधायला निघालो.

लिलावाची पद्धत समजली की तिचं कौतुक वाटतं. बाजार समितीत कापसाचा लिलाव होतो तेव्हा व्यापारी आणि माल समोरासमोर असतात आणि पाच मिनिटांत भाव ठरतो. इथं बोली आठवडाभर उघडी राहते. घेणारा आपली कमाल रक्कम आधीच सांगून ठेवतो, ती इतरांना दिसत नाही, आणि समोरच्याची बोली वाढेल तशी साइट त्याच्या वतीनं थोडीथोडी वाढवत जाते. त्यामुळे खरी गर्दी शेवटच्या मिनिटात होते. माझा लिलाव मी रविवारी रात्री संपेल असा लावायचो, कारण नोकरदार माणूस तेव्हा घरी असतो. त्या काळात आमच्याकडे भारनियमन जोरात होतं. लिलाव संपताना कितीदा तरी मी अंधारात बसलेलो असायचो आणि वीज आल्यावर भाव कळायचा.

पैशाची सोयही चांगली होती. पैसापे नावाच्या व्यवस्थेत गिऱ्हाइकाचे पैसे मध्येच अडकून राहत आणि माल पोचल्यावर माझ्या खात्यात येत. बंगळूरचा अनोळखी इंजिनिअर वडनेरच्या अनोळखी दुकानदाराला दोन हजार रुपये पाठवतो, तो या व्यवस्थेच्या जोरावर. शिवाय प्रत्येक सौद्यानंतर दोघांनी एकमेकांबद्दल अभिप्राय लिहायचा. तो अभिप्राय हेच माझं भांडवल होतं. माझ्यापेक्षा स्वस्त घड्याळं विकणारे खूप होते, पण लोक माझ्याकडे परत येत, कारण मी घड्याळात जे आहे ते सगळं लिहायचो.

एचएमटी विकणं म्हणजे खऱ्या अर्थानं एचएमटी ओळखणं. हिंगणघाटला एक वयस्क घड्याळजी होते. त्यांच्या टेबलाशी स्टूल टाकून मी हे शिकलो. ते डोळ्याला भिंग लावायचे, मागचं झाकण उघडायचे आणि आधी काही न बोलता नुसते ऐकायचे. चावी भरली की बॅलन्सचं चाक कसं झुलतं, टिकटिक सारखी पडते की लंगडते, बालकमान चिकटली आहे का, तेल सुकून काळं झालं आहे का. मग झाकण बंद करून डायल उजेडात धरायचे. 'जनता'च्या डायलवर नाव देवनागरीत असतं. कंपनीनं छापलेलं असेल तर भिंगातून अक्षराची शिरोरेघ सरळ आणि एकसंध दिसते. नंतर कुणी रंगवून छापलेलं असेल तर तीच रेघ कडेला पसरते, मिनिटांच्या खुणा एकमेकींपासून सारख्या अंतरावर नसतात आणि खाली लिहिलेलं 'इंडिया' कधी जरा वर, कधी जरा खाली सरकलेलं असतं. हा फरक साध्या डोळ्याला दिसत नाही. भाव मात्र या एका गोष्टीवर अर्ध्यावर येतो.

जुन्या मशिनवर लाल, हिरवी, निळी चकचकीत डायल बसवून, तीन घड्याळांचे भाग एकात घालून विकायचा मोठा उद्योग आपल्याकडे आहे. संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जगभर त्यांना गिऱ्हाईक आहे आणि ज्याला नवा रंग हवा त्यानं ते खुशाल घ्यावं. पण ते अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि त्यामुळे भारतातल्या प्रामाणिक विक्रेत्यावरही परदेशी माणूस संशय घेतो. म्हणून मी प्रत्येक घड्याळाचे मशिनसह फोटो टाकायचो. काचेवर ओरखडा असेल तर त्याचा वेगळा फोटो. डायल रंगवलेली असेल तर पहिल्याच ओळीत तसं लिहायचं. चावीची खुंटी बदललेली असेल तर तेही. याचा तोटा झाला असं मला कधी दिसलं नाही.

माल गोळा करायला मी बाहेरगावी फार गेलो नाही. लोकच दुकानात यायला लागले. एकदा शेजारच्या गावचे एक काकाजी रुमालात बांधून घड्याळ घेऊन आले. काळी डायल, पांढरे आकडे, पट्टा तुटलेला.

"चारशे देशीन का बाबू? तिकडचा मिस्त्री तं दोनशेच म्हणते."

मी चावी भरली. घड्याळ लगेच चालू झालं. "काकाजी, हे पायलट आहे. डायल कंपनीची आहे. लिलावात याचे दीड हजाराच्या वर येऊन राहिले."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. "मंग तू मले कायले सांगून राहिला? चारशात घेऊन घ्यायचं होतं न."

"उद्या तुमचा नातू मोबाइलवर पाहीन न काकाजी, मंग?"

आमचं असं ठरलं, की घड्याळ त्यांचं, मेहनत माझी. साइटचं कमिशन, दुरुस्ती आणि पोस्टाचा खर्च काढून उरेल त्यात तीन वाटे त्यांचे, एक माझा. घड्याळ अठराशेला गेलं, पुण्याच्या एका माणसानं घेतलं. काकाजींना हजाराच्या वर रक्कम मिळाली आणि त्यांनी ती गावभर सांगितली. पुढं मी बहुतेक व्यवहार असेच केले. ज्याला रोख लगेच हवी असेल त्याच्याकडून विकत घ्यायचो, पण बाजारभाव आधी सांगून. शहरातला खरेदीदार चार गावं फिरून निघून जातो, त्याला परत तोंड दाखवायचं नसतं. मला त्याच चौकात, त्याच माणसांत राहायचं आहे. गावात राहून फेरविक्री करणाऱ्यानं भाव लपवू नये, असं माझं ठाम मत आहे.

काही वस्तू मी घेतल्याच नाहीत. एक बाई नवऱ्याचं घड्याळ घेऊन आल्या होत्या. मागच्या झाकणावर नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. बी-बियाण्यासाठी पैसे हवे होते. मी त्यांना म्हटलं, ताई, आठ दिवस थांबा, घरी मुलाला विचारा. मुलगा दुसऱ्या दिवशी येऊन घड्याळ परत घेऊन गेला. दुसऱ्या वेळी एका शेतकऱ्यानं विहिरीच्या खोदकामात निघालेली जुनी नाणी मुठीत आणली. इंटरनेटवर नाण्यांचे लिलाव जोरात चालतात हे त्यानं ऐकलं होतं. पण 1878 च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या पुरावस्तूंचा व्यापार 1972 च्या कायद्याखाली परवान्याशिवाय करता येत नाही. मी त्याला तहसील कार्यालयात जायला सांगितलं आणि त्या नाण्यांचा फोटोसुद्धा काढला नाही. जमिनीतून निघालेला ठेवा हा आपल्या प्रदेशाचा इतिहास आहे. एकेक नाणं वेगवेगळ्या गिऱ्हाइकाकडे गेलं की ते कुठल्या गावात, कशाबरोबर सापडलं हे कायमचं पुसलं जातं. याबाबत माझ्या मनात अजिबात किंतु नाही.

धंद्याला खरी तेजी आली ती एचएमटीचा कारखाना बंद होणार ही बातमी 2014 मध्ये पसरल्यावर. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. ज्यांनी वीस वर्षं घड्याळाकडे पाहिलं नव्हतं तेही बोली लावायला लागले. मुलाला वडिलांच्या मनगटावर पाहिलेलं तेच मॉडेल हवं असायचं. 'कांचन'ला अडीच-तीन हजार सहज यायचे. त्या दोन वर्षांत दुकानाचं कर्ज फिटलं आणि घरावर स्लॅब पडला.

मग एकामागून एक बदल झाले. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. साध्या दुकानदाराला उलाढालीची सूट होती. ई-कॉमर्सच्या मंचावरून माल विकणाऱ्याला मात्र उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी सक्तीची झाली. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना यातून सवलत मिळाली ती ऑक्टोबर 2023 पासून. दरम्यान इबे इंडिया फ्लिपकार्टच्या हाती गेलं आणि 14 ऑगस्ट 2018 ला बंद झालं. वर्षानुवर्षं जमवलेले अभिप्राय त्या दिवशी माझ्यासाठी निकामी झाले. परदेशात माल पाठवणाऱ्या भारतीय विक्रेत्यांसाठी इबे चालू राहिलं, पण तो मार्ग वेगळा, कागदपत्रं वेगळी.

आज लिलाव फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर होतात. फोटो टाकायचा, किमान किंमत लिहायची, रात्री दहाला बोली बंद. पैसे यूपीआयनं क्षणात येतात. वेग वाढला, पण मध्ये पैसे धरून ठेवणारं कोणी उरलं नाही. माझी जुनी गिऱ्हाइकं माझ्याबरोबर या गटांवर आली म्हणून मी टिकलो. नव्यानं सुरू करणाऱ्या पोरांना इथं नाव कमवायला जास्त वेळ लागतो, हे मी त्यांना आधीच सांगतो.

आणि फसवणूक फार वाढली आहे. मला एकदा फोन आला: "मैं फौज में हूँ, घड़ी लेनी है।" सोबत वर्दीतला फोटो, ओळखपत्राचा फोटो. मग एक क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील. पैसे मिळवायला कधीच कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. मी फोन ठेवला. त्याच महिन्यात गावातल्या एका मुलाचे असेच पैसे गेले होते, जुनी मोटारसायकल विकताना.

याहून वाईट प्रकार जुन्या नोटांचा आहे. 786 आकड्याची नोट लाखाला, ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट लाखाला, अशा चित्रफिती आमच्याकडच्या प्रत्येक मोबाइलवर फिरतात. अशी नोट घेऊन दुकानात येणारी माणसं गरजू असतात. पलीकडचा माणूस आधी नोंदणी फी मागतो, मग कर, मग कुरिअर, आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रही पाठवतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर सांगितलं आहे, की ती अशा व्यवहारात पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही आणि कुणालाही आपल्या वतीनं ते घ्यायचा अधिकार दिलेला नाही.

तेव्हा घरातलं जुनं घड्याळ काढून टाकण्याआधी एखाद्या जाणत्या घड्याळजीकडून झाकण उघडून पाहून घ्या, आणि तेच मॉडेल नुकतंच कितीला विकलं गेलं हे दोन ठिकाणी तपासा. लोक मागतात ती किंमत धरू नका, विकली गेलेली धरा. आणि तुमची वस्तू विकत घेतो म्हणणारा माणूस तुमच्याकडेच आधी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन लावा.