बाईंची प्लाथा

मराठी माणसाला ‘प्लाझा’ हा शब्द दादरच्या थिएटरमुळे पाठ आहे आणि हायवेवरच्या टोल प्लाझामुळे नकोसा झाला आहे. मूळ स्पॅनिश शब्द स्पेनमधल्या सालामांका शहरात माझ्या कानावर पडला तो ‘प्लाथा’ असा. स्पेनच्या बहुतेक भागात त्यातल्या झेडचा उच्चार जीभ दातांत धरून, ‘थ’च्या जवळ जाणारा करतात. स्पॅनिश शिकवण्याचं शिक्षण घ्यायला मी तिथे गेले होते आणि सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंकडे खोली घेऊन राहत होते. शब्दकोशातले अर्थ मी आधीच वाचलेले होते. पण शब्द माणसांच्या दिवसभरात कसा राबतो, हे कळलं बाईंच्या घरात.

सकाळी दहाच्या सुमाराला दोन चाकांची कापडी पिशवी ओढत बाई निघायच्या. ‘इखा, प्लाथेला जाऊन येते,’ दारातूनच हाक यायची. ‘इखा’ म्हणजे मुली. आणि ही प्लाथा म्हणजे मंडई. कागदोपत्री तिचं नाव ‘मेर्कादो सेंत्राल’, पण बाईंच्या पिढीच्या तोंडी प्लाथाच. एके काळी भाजीपाला उघड्या चौकातच विकला जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी खांबांची छपराखालची मंडई झाली. चौक मागे राहिला, नाव मात्र गिऱ्हाइकांबरोबर आत आलं. बाईंबरोबर जायला मला फार आवडायचं. तिथे रांग लावत नाहीत. मटणाच्या गाळ्यापाशी आलं की मोठ्यांदा विचारायचं, ‘शेवटचं कोण?’ कुणीतरी हात वर करतं आणि मग तुम्ही शेवटचे. तुमच्यामागून येणाऱ्याला तुम्ही हात दाखवायचा. एवढं झालं की खुशाल कठड्याला टेकून गप्पा मारा, तुमचा नंबर कुणी मारत नाही. बाई पेद्रोसियोचे हरभरे घ्यायच्या. जवळच्याच गावाचं नाव लागलेले हे बारके, टणक दाणे शिजवले तरी फुटत नाहीत. आपल्या गावरान हरभऱ्याचीच जात वाटावी. दाणे ओंजळीत घेऊन त्या आधी वास घ्यायच्या, मगच किलोभर तोलायला सांगायच्या.

मंडईतून बाहेर पडून कमानीखालून गेलं की समोर प्लाथा मायोर, म्हणजे शहराचा मुख्य चौक. 1729 साली त्याचं काम सुरू झालं आणि 1755 साली संपलं. मूळ आराखडा आल्बेर्तो चुरिगेरा या वास्तुकाराचा. चारी बाजूंनी एकसारख्या इमारती, खाली कमानींचा सलग ओटा, कमानींच्या मधे राजांचे, लेखकांचे कोरलेले चेहरे. दगड व्हियामायोरचा, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेनं टणक होतो आणि वयाबरोबर सोनेरी पडतो. मुलं फरशीवर फतकल मारून बसतात, डबा खातात, अभ्यास करतात. ‘घड्याळाखाली भेटू’ म्हटलं की कुठल्या घड्याळाखाली ते विचारावं लागत नाही. बाईंच्या तरुणपणी इथे संध्याकाळी फेऱ्या मारायची पद्धत होती: मुलगे एका दिशेनं, मुली उलट दिशेनं, म्हणजे प्रत्येक फेरीत नजरानजर होणारच. नवरा कुठे भेटला, असं मी विचारल्यावर बाईंनी बोटानं हवेत एक गोल काढून दाखवला.

घरी टपाल यायचं त्यात हा शब्द वेगळ्याच कपड्यांत असायचा. गाडी लावायची जागा ती प्लाथा, बसमधली सीट ती प्लाथा, पाळणाघरातला प्रवेश नि वृद्धाश्रमातली खाटही प्लाथाच. ‘प्लाथा शिल्लक नाहीत’ ही पाटी स्पेनमध्ये कुठेही दिसू शकते. मराठीत आपण ‘जागा’ म्हणतो तेव्हा असंच बरंच काही त्यात येतं: लोकलमधली जागा, कॉलेजच्या जागा, सरकारी खात्यात निघालेल्या जागा. पण ‘जागा’ म्हणजे सगळ्यांचा चौक होत नाही. सगळ्यांची मोकळी जागा आणि एकट्याच्या हक्काची जागा यांना स्पॅनिशमध्ये एकच नाव आहे, ही गोष्ट मला मोठी वाटते. गावानं माणसाला दोन्ही द्यायला हवं, असं मी तिथे राहून मानायला लागले.

फेब्रुवारीत बाईंनी मला कार्निव्हलसाठी सिउदाद रोद्रिगोला नेलं. पोर्तुगालच्या सीमेजवळचं हे तटबंदीचं गाव. लष्करी भाषेत अशा गावाला ‘प्लाथा फुएर्ते’, बळकट ठाणं म्हणतात. 1810 साली ते फ्रेंचांनी घेतलं आणि 1812 च्या जानेवारीत ब्रिटिश सेनापती वेलिंग्टननं वेढा घालून सोडवलं. शब्दाचा आणखी एक अर्थ तिथल्या कार्निव्हलमध्ये भेटतो: बैलांच्या झुंजीच्या रिंगणाला ‘प्लाथा दे तोरोस’ म्हणतात. सालामांकाचं आजचं रिंगण 1893 सालचं. पूर्वी बैल मुख्य चौकातच यायचे आणि लोक बाल्कन्यांतून बघायचे. सिउदाद रोद्रिगोत आजही कार्निव्हलपुरतं चौकाभोवती लाकडी माच उभारून त्याचंच रिंगण करतात. म्हणजे ठाण्याच्या आत चौक, चौकाचं रिंगण, आणि माचावर दाटीवाटीनं आपापली जागा धरून बसलेली माणसं. सगळ्या प्लाथा एकात एक. माच बांधणाऱ्या माणसांचे हात मी बराच वेळ बघत राहिले. बैल आत आला तेव्हा मात्र मी उठले. जनावराचे हाल मला बघवत नाहीत आणि परंपरा म्हटल्यानं ते हाल कमी होत नाहीत. झुंज संपेपर्यंत मी तटावर फिरले.

बाईंच्या भाचीसाठी मात्र या सगळ्यांत एकच प्लाथा खरी होती: सरकारी शाळेतली शिक्षिकेची. ती मिळवायला ‘ओपोसिसिओनेस’ नावाची स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. विषयांचे क्रमांक असलेले चेंडू परीक्षक सगळ्यांसमोर काढतात आणि निघालेल्या क्रमांकांतला एक निवडून त्यावर लिहायचं. भाची पहाटे उठायची, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायची, सणाच्या जेवणालाही अर्धा तासच बसायची. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत असे चेहरे मी पाहिले होते. निकाल लागला: ‘उत्तीर्ण, प्लाथा नाही’. म्हणजे गुण पुरेसे, पण गुणानुक्रमे जागा भरत आल्या नि तिच्या आधीच संपल्या. नापास झालेल्याला निदान कुठे कमी पडलो ते कळतं. हिला काय सांगणार? बाईंनी त्या दिवशी मंडईतून तिच्या आवडीचं सगळं आणलं आणि निकालाचा विषय काढला नाही.

पुढे ती बदली शिक्षिकांच्या यादीत होती. कुणाची बाळंतपणाची रजा, कुणाचं आजारपण. फोन आला की दुसऱ्या दिवशी सामान घेऊन त्या गावी. मी भारतात परतल्यावर तिनं पुन्हा परीक्षा दिली. यंदा बाईंचा फोन आला तो ओरडतच: ‘प्लाथा मिळाली! एन प्रोपिएदाद!’ कायम नोकरीला तिकडे ‘मालकीची जागा’ म्हणतात. शाळा सामोरा प्रांतातल्या एका लहान गावात. भाचीला अजून घर बघायचं होतं. बाईंनी मात्र तिथल्या चौकात बुधवारी बाजार भरतो आणि हरभरे सुट्टे मिळतात, ही माहिती आधीच काढून ठेवली होती.